पेण-रोह्यातले साप सोडवण्याचे काम

घरात, गोठ्यात किंवा विहिरीत आलेला साप जिवंत बाहेर काढून पुन्हा रानात सोडणे, हे सर्पमित्राचे काम. पेण आणि रोहा तालुक्यांत ते पावसाळ्यात सर्वाधिक वाढते. अंबा आणि कुंडलिका नद्यांच्या काठची भातखाचरे पाण्याने भरली की उंदरांची बिळे बुडतात, उंदीर घरांकडे सरकतात आणि त्यांच्या मागावर साप येतात. सापाला हवे असते भक्ष्य, कोरडी जागा आणि अंधार. पडवीतल्या लाकडांच्या ढिगात किंवा पेंढ्याच्या उडवीत तिन्ही एकत्र मिळतात.

कामाची सुरुवात फोनवरच होते. ‘दादा, घरात नाग शिरलाय’ असे घाबऱ्या आवाजात सांगितलेला नाग पुष्कळदा धामण निघतो. पलीकडून पहिली सूचना मिळते ती सापाला डिवचू नका, मुलांना आणि कुत्र्यामांजरांना लांब ठेवा, पण त्याच्यावरची नजर हलवू नका अशी. नजरेआड झालेला साप शोधताना सगळे घर उलथेपालथे करावे लागते आणि त्यात माणूस व साप दोघांनाही धोका वाढतो.

ओळख पटवणे हा या कामाचा कणा आहे. घराच्या भिंतीवर पालींच्या मागे फिरणारा बिनविषारी कवड्या आणि अतिविषारी मण्यार यांच्यातली गफलत सर्वांत महागात पडते, कारण दोघांच्याही काळसर अंगावर पांढरे आडवे पट्टे असतात. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे उलट: मानेजवळ पट्टे नसतात किंवा अगदी क्षीण असतात, शेपटीकडे ते स्पष्ट होतात. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची एक रांगही असते. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नाही, म्हणून उपचाराला उशीर होतो. तिच्या भीतीपायी असंख्य कवडे काठीखाली मरतात.

ओळख पटली की पकडायचे की नाही हा निर्णय येतो, आणि दयेची खरी परीक्षा इथेच होते. पायऱ्या असलेल्या विहिरीतला दिवड, बांधावरची धामण किंवा परसातला हरणटोळ यांना हात लावण्याचे कारण नसते. जो साप आपल्या वाटेने निघून जाईल त्याला जाऊ देणे आणि घरच्यांना तेवढा वेळ धीर देणे, हेही कामच आहे.

पकडणे अटळ असेल तेव्हा जाणता सर्पमित्र सापाची मान धरत नाही. जमिनीवर काळ्या कापडाची पिशवी ठेवली जाते, तिच्या तोंडाशी पाइपचा तुकडा बसवलेला असतो. हूक लावलेल्या काठीने सापाला हळूहळू त्या तोंडाकडे वळवतात. अंधारे बीळ दिसताच साप बहुधा आपणहून आत शिरतो. घोणस असेल तर आणखी सबुरी लागते. कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार हा तिचा इशारा असतो, आणि तो मानला तर ती दंशापर्यंत जात नाही. शेपटीला धरून साप उलटा लटकवणे, गर्दीसमोर गळ्यात घालणे, फोटोसाठी पुन्हा पुन्हा पिशवीबाहेर काढणे हा निव्वळ छळ आहे. त्याने सापाच्या कण्याला आणि बरगड्यांना इजा होते.

सर्वांत नाजूक काम जाळ्यातल्या सापाचे. भाजीच्या वाफ्याभोवती किंवा मत्स्यतळ्याभोवती लावलेल्या नायलॉनच्या जाळीत धामण डोके घालते आणि पुढे सरकते. सापाचे खवले मागच्या दिशेने कौलांसारखे एकावर एक बसलेले असतात, त्यामुळे मागे हटताना धागा त्यांत अडकतो. धडपडीने तो कातडीत रुततो. अशा वेळी एक जण डोक्यावर ओले फडके धरतो, दुसरा बोथट टोकाची कात्री धागा आणि कातडी यांच्यामध्ये सरकवून एकेक फेरा कापतो. शेवटी सगळ्या अंगावरून बोट फिरवून पाहिले जाते. एक फेरा जरी राहिला तरी भक्ष्य गिळल्यावर तो मांसात जातो. जखम खोल असेल तर सापाला पशुवैद्यकाकडे न्यावे लागते.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ सापांना संरक्षण देतो, म्हणून पकडलेल्या सापाची माहिती वन विभागाला देणे आवश्यक असते. त्यासाठी राज्यात १९२६ हा क्रमांक आहे. साप शक्य तो त्याच दिवशी आणि पकडल्या जागेच्या जवळच्या सुरक्षित झाडीत सोडावा. इथला साप फणसाडच्या अभयारण्यात नेऊन सोडला की त्याचे भले झाले, हा समज चुकीचा आहे. सापाला आपल्या परिसरातली बिळे आणि पाणवठे ठाऊक असतात. अनोळखी जागी तो भटकतो आणि रस्त्यावर किंवा शत्रूच्या तोंडी मरण्याची शक्यता वाढते.

माणसाच्या जिवाची काळजी याच कामात धरलेली आहे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावल्याचा अंदाज आहे. दंश झालेल्याचा अवयव न हलवता, आवळपट्टी न बांधता, मांत्रिकाकडे वेळ न घालवता त्याला पेण किंवा रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकच बहुगुणी प्रतिविष चालते, त्यामुळे उपचारासाठी साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. ते प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून तयार होते. माणूस वाचतो त्यात त्या मुक्या जनावराचाही वाटा असतो.

साप सोडल्यावर नोंदवहीत तारीख, गाव, जात, अंदाजे लांबी, जखमा आणि सोडल्याची जागा लिहिली जाते. परत जाण्यापूर्वी सर्पमित्र घराला एक फेरी मारतो: मोरीच्या तोंडाला जाळी, दाराखालच्या फटीला पट्टी, लाकडे भिंतीपासून दूर आणि जमिनीपासून उंच, कोंबड्यांच्या खुराड्याजवळ सांडलेले धान्य रोज झाडून, झोपणे खाटेवर आणि मच्छरदाणीत.