दुसरी किल्ली

जबलपूर शहराच्या उत्तर अंगाला अधारताल नावाची वस्ती आहे. राणी दुर्गावतीचे मंत्री आधारसिंह यांनी सोळाव्या शतकात बांधविलेल्या तलावावरून हे नाव पडले, असे परंपरा सांगते. मराठी कानाला त्यात ‘आधार’ ऐकू येतो, आणि आजचा विषयही आधाराचाच आहे.

1964 साली येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. समजा, आपली भाची नागपूरहून तेथे संशोधनासाठी गेली आहे आणि तिने जवळच दोन खोल्या भाड्याने पाहिल्या आहेत. 1956 पर्यंत नागपूर ही जबलपूरचीही राजधानी होती. तेव्हा मुलूख अगदीच परका नाही. तिचे पहिले बिऱ्हाड थाटून द्यावयास मामा या नात्याने आपण निघालात. आता आपण नेमके काय करावे?

पुष्कळांचा समज असा, की मदत म्हणजे सामान. म्हणून डबे, पातेली, गाद्या यांची बोचकी बांधली जातात. परंतु सामान चार दिवस उशिरा आले तरी चालते. जागेची पारख मात्र आधीच व्हावी लागते. नळाला पाणी किती वाजता येते, वरची टाकी किती घरांत मिळून आहे, विजेचे मीटर स्वतंत्र आहे की नाही, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. पहिल्याच दिवशी मीटरवरचा आकडा लिहून घरमालकास दाखवावा. भिंतीची ओल आणि दाराची मोडकी कडी यांचीही नोंद करावी, म्हणजे जागा सोडताना अनामत रकमेवरून वाद होत नाही.

भाडेकरार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी करावी लागते. ती टाळण्यासाठी ही प्रथा पडली. करार भाचीने स्वतः वाचावा, न समजलेले कलम तिनेच विचारावे आणि सही तिचीच असावी. मामांनी शेजारी बसावे, पण बोलू नये. हे कठीण आहे खरे. परंतु पुढच्या महिन्यात भाडे देऊन पावती मागावयाची आहे ती तिला, आपणांस नव्हे.

शेजारधर्माचेही तसेच. तेथील भाषा हिंदी. ‘कमरा खाली है’ ही पाटी वाचून आपला मराठी माणूस जिना उतरू लागेल. तेथे ‘खाली’ म्हणजे रिकामा! अशा चुकांतून हसत हसत ओळखी होतात. म्हणून दूधवाल्याशी, वाण्याशी, समोरच्या काकूंशी पहिले बोलणे तिचे तिला करू द्यावे. हवामानाची सूचना मात्र आपण अवश्य द्यावी. जबलपूरचा मे महिना पारा चाळिशीच्या वर नेतो आणि जानेवारीच्या रात्री रजई मागतात. पश्चिमेकडच्या भिंतीची खोली उन्हाळ्यात किती तापेल, हे हिवाळ्यात जागा पाहणाऱ्यास सुचत नाही.

सर्वांत शेवटी कुलूप. ते नवेच घ्यावे, कारण जुन्याच्या किल्ल्या कोणाकोणाकडे राहिल्या असतील, ते सांगता येत नाही. नव्या कुलपाला दोन तरी किल्ल्या येतात. दुसरी कोणी ठेवावयाची? मुलगी एकटी राहणार, म्हणून मामांचा हात आपोआप पुढे होतो. परंतु मध्यरात्री तिची किल्ली हरवली, तर नागपुरातल्या खिशात असलेली किल्ली काय कामाची? तिने मामांची काळजी तेवढी थोडी शमेल. आणि भाचीला मात्र प्रत्येक वेळी वाटेल, की हे घर अजून आपल्या हवाली झालेले नाही. अडचण आली, तरी ती आपणांस कळवावयास ती कचरेल. आणि काळजीचे खरे कारण जर कोणते असेल, तर ते हेच.

दुसरी किल्ली जवळपासच्या एखाद्या मैत्रिणीकडे असावी, आणि ती मैत्रीण भाचीने निवडावी. आपण फक्त विचारावे, की अशी कोणी आहे का? नसेल, तर महिनाभराने पुन्हा विचारावे. पुढे कधी अधारतालला जाणे झालेच, तर आधी कळवावे, दाराची कडी वाजवावी आणि तिने केलेला चहा घ्यावा. त्यात साखर कमी असली, तरी त्या दिवशी बोलू नये.