फवारणीतील ‘स्टिकर’ : केव्हा घालावे, किती घालावे

जयगड परिसरात हापूसच्या बागा कराराने घेणाऱ्यांचा पैसा आधी गुंततो, फळ मागाहून येते. अशा वेळी महागडे औषध पानावरून ओघळून मातीत जाणे परवडणारे नाही. म्हणून औषधाबरोबर दुकानदार जी छोटी बाटली देतो, त्या ‘स्टिकर’विषयी आम्ही येथे लिहीत आहोत.

आंब्याच्या जून पानावर मेणाचा पातळ थर असतो. त्यावर साध्या पाण्याचा थेंब टाकून पाहा. तो गोळा होऊन बसतो आणि पान कलताच घरंगळतो. याचे कारण पाण्याचा पृष्ठताण. तो सेंटीमीटरला सुमारे ७२ डाइन असतो. पसरवणारे द्रव्य मिसळले की तो ३० च्या आसपास येतो व थेंब चपटा होऊन पसरतो.

बाजारात सगळ्यालाच स्टिकर म्हणतात, पण कामे दोन आहेत. तुडतुडे मोहोराच्या दांड्यांत आणि सालीच्या फटींत दडतात. तेथे औषध पसरून आत शिरले पाहिजे. सुपारीच्या कोळेरोगावरील बोर्डो मिश्रणाला मात्र पावसात टिकायचे असते, तेथे चिकटपणा हवा. राळ आणि धुण्याचा सोडा उकळून केलेला साबण त्यात घालण्याची रीत जुनीच आहे. खरेदी करताना आपल्याला यांतले कोणते काम हवे, ते दुकानदाराला स्पष्ट सांगावे.

काहीजण काटकसर म्हणून कपडे धुण्याची पावडर घालतात. ही काटकसर आम्हाला खोटी वाटते. पावडर अल्कधर्मी असते आणि मॅलॅथिऑनसारखी औषधे अशा पाण्यात लवकर विघटित होतात. साध्या साबणाचे तर खाडीकाठच्या मचूळ पाण्यात दहीच होते, फेस येत नाही.

स्टिकर स्वतः कीड मारत नाही, म्हणून औषध कमी करून स्टिकर वाढवू नये. प्रमाण जास्त झाले तर द्रावण उलट ओघळते, कोवळा मोहोरही करपू शकतो. बाटलीवरील प्रमाण पाळावे. आधी औषध पाण्यात नीट मिसळावे, स्टिकर शेवटी घालून हलक्या हाताने ढवळावे, नाहीतर पंपात फेसच फेस होतो. मोहोर पूर्ण फुलल्यापासून फळधारणा होईपर्यंत शक्यतो फवारणी टाळावी, कारण परागीभवन करणाऱ्या माश्या व कीटक मरतात. शिवाय चिकटवलेले औषध फळावरही अधिक दिवस राहते. त्यामुळे शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस सोडायचे, हे औषधाच्या लेबलावर पाहूनच पेटी भरण्याची तारीख ठरवावी.