होडी कोणाच्या नावावर?

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. भीमेच्या काठावरच्या एका गावात आमच्या बचत गटाची बैठक होती. कर्जत तालुक्याच्या या टोकाला उजनीचं पाणी अगदी शेताच्या बांधाला येऊन टेकतं. वसुली झाली, वहीवर सह्या झाल्या, चहा आला. बायका उठायच्या बेतात असताना आमची 'धाकटी' म्हणाली, "ताई, मला जरा मोठं कर्ज पायजे."

गटात वयानं सगळ्यात लहान म्हणून ती धाकटी. नवरा-बायको दोघं मिळून मासेमारी करतात. हप्ता कधी चुकवलेला नाही.

"कशाला गं?" मी विचारलं.

"होडी मोठी घ्यायचीय. मशीनची."

मी लगेच म्हटलं, "घे की! चांगलंच आहे." खरं सांगते, त्या क्षणी मला फार आनंद झाला. वर्षानुवर्षं आपण बायकांना सांगत असतो, घाबरू नका, मोठा विचार करा. आणि इथं एक जण शेळी नाही, शिलाई मशीन नाही, चक्क इंजिनाची होडी मागत होती!

पण दाराशी बसलेल्या तिच्या सासूबाई हळूच म्हणाल्या, "होडी मोठी झाली म्हंजी पानी बारकं होत न्हाई, ताई."

सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येताना एसटीत मात्र ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

आपण नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर म्हणायचं) बायका. दुष्काळ, टँकर, हंडा-कळशी हे आपले विषय. होडीचं आपल्याला काय ठाऊक? पण जरा आठवून बघा. लहानपणी आईबरोबर सिद्धटेकला गेलेल्या कितीतरी जणी असतील. दौंडकडून शिरापूरला यायचं आणि होडीनं भीमा ओलांडून गणपतीला जायचं. आता पूल झालाय. माझ्या आईनं त्या होडीत एका हातानं माझं मनगट आणि दुसऱ्या हातानं नारळाची पिशवी घट्ट धरलेली असायची. त्याआधीच्या पिढ्या तर गुळाच्या काहिलीत बसून नदी पार करायच्या. नदीकाठच्या भोई समाजाचं पोट या उतारूंवर आणि माशांवरच होतं.

मग धरण आलं. उजनीचं काम १९६९ मध्ये सुरू झालं आणि १९८० मध्ये पुरं झालं. नदीचा जलाशय झाला, तीनशे चौरस किलोमीटरहून मोठा. गावं उठली, देवळं पाण्यात गेली. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर पाणी खूप उतरलं की अजून वर येतं. ज्यांना नदीचा काठ न् काठ पाठ होता, त्यांच्यासमोर एकदम समुद्रासारखं पाणी पसरलं. धाकटीच्या सासूबाई सांगतात, "आमच्या येळंला वारा पाठीशी आसला की बांबूला जुनं लुगडं बांधायचं. झालं शीड! वल्हं मारायला नको. पन वारा फिरला की आधी लुगडं खाली." शिडाच्या होडीचं सगळं शास्त्र त्या माउलीनं दोन वाक्यांत सांगून टाकलं.

पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम तिची होडी बघायला गेले. बारा फुटी पत्र्याची होडी. ठिकठिकाणी डांबराचे ठिपके. मध्यभागी पाणी उपसायचा तेलाचा जुना डबा. पहाटे चारला दोघं निघतात. नवरा वल्हवतो, ही जाळं ओढते. चिलापी जास्त, नशीब असेल तर रोहू-कटला. माल भिगवणच्या बाजारात जातो. "तळातून पानी येतंय ताई. एक हात जाळ्याला न् एक हात डब्याला," ती म्हणाली.

म्हणजे होडी बदलायला हवी, याबद्दल शंकाच नव्हती. प्रश्न होता, केवढी घ्यायची?

नवऱ्याच्या मनात बावीस फुटी फायबरची होडी होती, इंजिनासकट. मासे जास्त येतील हा एक हिशेब. दुसरा हिशेब रोहित पक्ष्यांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा. हिवाळ्यात ते उजनीवर उतरतात. बघायला पुण्या-मुंबईची माणसं येतात आणि भिगवण, कुंभारगावकडचे मच्छीमार त्यांना होडीतून फिरवतात. आपणही पाहुणे फिरवू, असा त्याचा बेत.

आम्ही अंगणात वही घेऊन बसलो. होडी आणि इंजिन मिळून त्यांना दोन लाख दहा हजार सांगितले होते. शेळ्या विकून आणि बचत मिळून साठ हजार हाताशी. राहिले दीड लाख. बारा टक्के व्याजानं तीन वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता जवळजवळ पाच हजार.

"पाच हजार जमतील," नवरा म्हणाला.

"बारा महिने?" धाकटीनं विचारलं.

इथं खरी गोम होती. पावसाळ्यात माशांच्या विणीच्या दिवसांत जाळं बंद. मे-जूनमध्ये पाणी इतकं उतरतं की काठापासून चिखल तुडवत जावं लागतं. उजनीत भरल्यावर सुमारे ११७ टीएमसी पाणी असतं, पण त्यातलं ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा. पाणी त्याच्याही खाली गेलं की पेपरात 'उणे' टक्के येतात. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे पन्नासच्याही खाली गेलं होतं. अशा वेळी बारा फुटी होडी दोघं जण ओढून पाण्यापर्यंत नेतात. बावीस फुटी कोण ओढणार?

म्हणजे कमाईचे महिने धरले आठ. वर्षाचे साठ हजार आठ महिन्यांत भरायचे, तर महिन्याला साडेसात हजार. वर तेल. रोजचे दोनशे रुपये आणि महिन्याचे वीस दिवस धरले तरी चार हजार. साडेअकरा हजार आधी बाजूला काढायचे, मग उरलं तर घरात. हप्त्याला उणे टक्के कळत नाहीत!

आणि पाहुणे? ते येतात मुख्यतः हिवाळ्यात, त्यातही शनिवार-रविवारी. पुणे-सोलापूर महामार्गावरून येणारा माणूस भिगवणच्या बाजूला उतरतो. तिथले लोक या कामात आधीपासून मुरलेले. आपल्या काठावर कितीसे येतील?

पण पैशांपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच होती. ती बोलून दाखवायला कोणी तयार नव्हतं. शेवटी सासूबाईंनीच विषय काढला. "कुगावचं इसरला का रं?"

२१ मे २०२४ ची संध्याकाळ. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले. एक पोलीस अधिकारी तेवढे पोहून काठाला लागले. त्यानंतर दोनच दिवसांनी आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्या तरुणाचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि तीन जवानांचा जीव गेला. पाण्यातून दुसऱ्याला वाचवण्याचं शिक्षण घेतलेली माणसं ती! त्या आठवड्यात घराघरांत दुसरा विषय नव्हता.

मासे पकडणं वेगळं आणि माणसं बसवणं वेगळं. होडी मोठी दिसली की माणसं जास्त बसतात. 'अजून दोघं बसू द्या' म्हणतात. पक्षी दिसला की सगळे एकाच बाजूला झुकतात, मोबाइल घेऊन उभे राहतात. उभं राहिलं की वजन वर जातं आणि होडी डचमळते. त्यात वळवाचा वारा आला, आडवी लाट बसली आणि आत पाणी शिरलं, की तेच पाणी खालच्या बाजूला धावून होडी आणखी कलती करतं. नवऱ्याला हे माझ्यापेक्षा शंभर पट जास्त कळतं. तो म्हणाला, "लाटंला कायम नाक द्यायचं, आंग न्हाई." पण पैसे देऊन बसलेल्या पाहुण्यांना 'खाली बसा, जाकीट घाला, वारा आहे म्हणून आज जाणार नाही' हे ठणकावून सांगणं त्याला जमेल का? तो गप्प बसला. मग म्हणाला, "कर्जाचा हप्ता तोंडावर आसला तर न्हाई जमायचं."

मला त्याच्या या उत्तराचं कौतुक वाटलं.

इथं मला आपल्या नौदलातल्या मुली आठवल्या. 'तारिणी' ही गोव्यात बांधलेली शिडाची नौका, सतरा मीटरची, म्हणजे साधारण छप्पन्न फूट. सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ या काळात लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी अशा सहा जणींनी त्यातून पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याच तारिणीतून २ ऑक्टोबर २०२४ ला दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच निघाल्या आणि मे २०२५ मध्ये जगाला वळसा घालून परत आल्या. त्याआधी २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे तेवढ्याच लांबीच्या 'म्हादेई'तून एकट्यानं फिरून आले होते.

मी हे सांगितलं तेव्हा धाकटीचे डोळे चमकले. "म्हंजी होडी सारखीच, मान्सं सहा, दोन, नायतर एक?"

"हो. पण निघण्याआधी त्यांनी कितीतरी काळ सराव केला होता."

"मंग आमचा सराव तर बारा फुटाचा हाय," ती हसून म्हणाली. एवढ्या एका वाक्यात तिनं निम्मा निर्णय घेऊन टाकला.

उरलेला निम्मा निर्णय मात्र मला आयुष्यभर लक्षात राहील. वही मिटताना ती म्हणाली, "ताई, एक इचारू? कर्ज माज्या नावावर. शेळ्या माज्या गेल्या. मंग होडी कोनाच्या नावावर?"

अंगणात एकदम शांतता. मच्छीमार सोसायटीचं सभासदत्व नवऱ्याचं, जुनी होडी नवऱ्याची, बाजारातली पट्टी नवऱ्याच्या नावानं. पहाटे जाळं ओढणारी बाई कागदावर कुठंच नाही! आणि मी, बायकांच्या हक्कांवर भाषणं देणारी, इतक्या वेळात हा प्रश्न माझ्या डोक्यातही आला नव्हता. मी नुसती फूट आणि हप्ते मोजत बसले होते.

मैत्रिणींनो, हे फक्त होडीपुरतं नाही. गटातून कर्ज बाई काढते, कारण गट बाईचा. त्यातून आलेली मोटारसायकल, रिक्षा, गाय कोणाच्या नावावर असते? जरा आपापल्या घरात डोकावून बघा.

यात व्यवहारही आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के, तर महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्क्यांपर्यंत मदत ठेवली गेली. मच्छीमारांचा गट अपघात विमाही आला, मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पाच लाखांचा. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. पण कागदावर नाव असेल तरच बाईला यातलं काही मागता येतं. अर्ज करण्याआधी मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात जाऊन आपल्या प्रकारच्या होडीला काय लागू आहे, हे स्वतः विचारून घ्यावं. एजंटाच्या तोंडचं ऐकू नये.

मग काय ठरलं? सोळा फुटी, जुनीपेक्षा चांगली रुंद, फायबरची होडी. इंजिन नाही. दोघांना चिखलातून ओढता येईल अशी. किंमत अठ्ठ्याहत्तर हजार. साठ हजार त्यांचे, तीस हजार गटाचं कर्ज. उरलेल्या बारा हजारांतून आधी जीवरक्षक जाकिटं, मग जाळ्याची दुरुस्ती. पाहुणे फिरवायचे नाहीत, निदान हे कर्ज फिटेपर्यंत नाहीत. होडीची पावती तिच्या नावावर. सोसायटीच्या सभासदत्वासाठी तिचा अर्ज गेलाय.

नवरा सुरुवातीला जरा नाराज होता. गावात लोक चेष्टा करतील म्हणाला. करतातही. "काय रं, मालकिनीची होडी का?" असं विचारतात म्हणे. आता तो उत्तर देतो, "व्हय, मी पगारी हाय."

मला अजूनही कधी कधी वाटतं, आपण तिला मागे तर खेचलं नाही ना? बावीस फुटी घेतली असती तर कदाचित चारपट कमावलं असतं. मी तिला तसं बोलूनही दाखवलं. ती जाळं विणता विणता म्हणाली, "ताई, घ्यायचीच हाय मोठी. पन ह्या होडीच्या पैशातनं. पोरीचं शाळंतलं पवनं पक्कं होऊ द्या, मंग बगू."

लेकीला ती स्वतः पोहायला शिकवतेय. शाळा सुटली की पंजाबी ड्रेसवर, काठाकाठानं. साडीत पोहता येत नाही, साडी पायात गुंडाळते, हे तिला आईकडून कळलं होतं. आणि जाकीट? मागच्या भेटीत मी पाहिलं, सासूबाईंनी ते दाराच्या खुंटीला अडकवलं होतं. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "तसं न्हाई ताई. पाटं दोघांच्या आंगात घातल्याबिगर मी दार उघडत न्हाई."