हायलोनोमस
हायलोनोमस हा सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वी, कार्बॉनिफेरस कालखंडाच्या उत्तरार्धात होऊन गेलेला लहान प्राणी असून तो ज्ञात असलेल्या सर्वांत प्राचीन सरीसृपांपैकी एक मानला जातो. शेपटीसह त्याची लांबी सुमारे २० ते २५ सेंटिमीटर होती. त्याच्या बारीक, अणकुचीदार दातांवरून तो कीटकांसारख्या लहान जीवांवर उपजीविका करीत असावा, असे अनुमान आहे.

शोध
कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातील जॉगिन्स येथील समुद्रकड्यांत, उभ्याच गाडल्या गेलेल्या वृक्षांच्या पोकळ बुंध्यांत त्याचे जीवाश्म सापडले. जॉन विल्यम डॉसन यांनी १८६० मध्ये त्याचे वर्णन केले. हे प्राणी बुंध्यांत पडून अडकले की आश्रयासाठी तेथे राहत होते, याविषयी मतभेद आहेत.

उत्क्रांतीतील स्थान
उभयचरांच्या अंड्यांना पाण्याची वा ओलाव्याची गरज असते. सरीसृपांच्या अंड्यात मात्र उल्ब नावाचे आवरण भ्रूणाभोवती द्रव धरून ठेवते. त्यामुळे प्रजनन कोरड्या जमिनीवरही शक्य झाले. हायलोनोमसचे अंडे सापडलेले नाही. त्याचे हे स्थान कवटी व सांगाड्याच्या रचनेवरून ठरविले आहे. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातील सुमारे ३५.५ कोटी वर्षांपूर्वीच्या, नखांच्या खुणा असलेल्या पाऊलठशांचे वर्णन प्रसिद्ध झाले. संशोधकांच्या मते ते सरीसृपवर्गीय प्राण्याचे आहेत. हे मत ग्राह्य धरल्यास सरीसृपांचा उगम हायलोनोमसच्याही बराच पूर्वी झाला, असे मानावे लागते.