एक रुपया जमा झाला

रात्री पावणेबारा वाजता माझ्या मैत्रिणीच्या फोनवर एक रुपया जमा झाला. सोबतच्या संदेशात दोनच शब्द होते, ‘फोन उचल.’ पाच मिनिटांनी दुसरा रुपया आला, ‘झोपलीस का?’ मग तिसरा. नवऱ्याचं घर सोडून तिला तेव्हा सात महिने झाले होते. व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम, त्याचे दोन्ही नंबर, सगळं तिने ब्लॉक केलं होतं. भाजीवाल्याला पैसे द्यायच्या अ‍ॅपमधून कुणी घरात शिरेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. मी त्या रात्री तिच्याकडे मुक्कामाला होते. तिने फोन पालथा ठेवला आणि ओटा पुसायला घेतला. पुसलेलाच ओटा ती पुन्हा पुन्हा पुसत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौकीत गेलो. तिथल्या साहेबांनी फोन हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, “मॅडम, पैसे देतोय ना? मागत तर नाही?” मग नेहमीचा सल्ला मिळाला: हेही ब्लॉक करा, लक्ष देऊ नका, घरातला विषय आहे.

ब्लॉक म्हणजे तिने आपल्या दाराला लावलेली कडी. त्याच्या पायात ती काहीच घालत नाही. तो दुसऱ्या नंबरावरून येतो, मित्राच्या खात्यावरून येतो, मुलाच्या टॅबवर येतो, आणि दर वेळी नवी कडी शोधायचं काम तिच्याच गळ्यात पडतं. होता होता बाईच एकेका ठिकाणाहून उठून जाते. आधी फोटो टाकणं बंद, मग शाळेच्या मैत्रिणींचा ग्रुप सोडला, मग नंबर बदलला. बँक, गॅस, मुलाची शाळा, सगळीकडे तो नवा नंबर कळवत फिरायचं तेही तिनेच. त्रास देणाऱ्याचं खातं मात्र जिथल्या तिथे असतं.

त्याला बांधणारी गोष्ट कायद्यात आहे आणि ती आजची नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ साली संमत झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या कलम १८ नुसार न्यायदंडाधिकारी ‘संरक्षण आदेश’ देऊ शकतात, आणि या आदेशात तिच्याशी कोणत्याही स्वरूपात संपर्क साधायला मनाई करता येते. प्रत्यक्ष, तोंडी, लेखी, दूरध्वनीवरून आणि इलेक्ट्रॉनिक, हे पाचही प्रकार कलमात नाव घेऊन लिहिलेले आहेत. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप जन्मालाही आलं नव्हतं. ते २००९ मधलं. यूपीआय तर २०१६ मधलं. तरीही ‘इलेक्ट्रॉनिक’ या एका शब्दात ही दोन्ही बसतात, आणि उद्या जे काही निघेल तेही बसेल. कायदा लिहिणाऱ्यांनी हा शब्द घातला, त्याबद्दल मला त्यांचे मनापासून आभार मानावेसे वाटतात.

आपल्याकडे ‘डीव्हीची केस टाकली’, म्हणजे या कायद्याखाली अर्ज केला, म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पोटगी येते, फार तर राहतं घर. संपर्काच्या मनाईकडे ना पक्षकाराचं लक्ष जातं, ना घाईतल्या वकिलाचं. नियमांसोबतच्या अर्जाच्या नमुन्यात संपर्कास मनाईची ओळ आहे, पण ती एका ओळीचीच. तेवढ्यावर थांबू नये असं माझं ठाम मत आहे. कलम १८ च्या शेवटी एक उपकलम आहे, ज्याखाली आदेशात नमूद केलेलं इतर कोणतंही कृत्य करायला मनाई करता येते. हे उपकलम म्हणजे रिकामी जागा आहे, आणि ती भरणं आपल्या हातात आहे. मैत्रिणीच्या वकीलबाईंनी ती सविस्तर भरली. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या खात्यावरून संदेश पाठवायचा नाही. टॅग करायचं नाही, तिच्याविषयी स्टेटस ठेवायचं नाही, फोटो टाकायचे नाहीत. यूपीआय किंवा बँक व्यवहाराच्या शेऱ्यातून काही लिहायचं नाही. नातेवाइकांकरवी किंवा तिच्या ऑफिसातल्या लोकांकरवी निरोप धाडायचा नाही. मुलाविषयीचं काही असेल तर एका ठरावीक ईमेलवरच, आणि त्यात मुलाखेरीज दुसरा विषय नको. ही शेवटची वाट मोकळी ठेवणं फार शहाणपणाचं होतं. नाहीतर ‘पोराला ताप होता का, एवढंच विचारत होतो’ या वाक्यावर सगळा आदेश सैल पडतो.

अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायचा असतो. स्वतः करता येतो, वकिलामार्फत करता येतो किंवा संरक्षण अधिकाऱ्यांकडून. कायदा म्हणतो, पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा. न्यायालयाच्या व्हरांड्यात ज्यांनी दिवस काढलेत त्यांना या साठ दिवसांचं काय होतं ते ठाऊक आहे. म्हणून कलम २३ महत्त्वाचं. प्रतिज्ञापत्र पाहून प्रथमदर्शनी तथ्य वाटलं, तर समोरच्याची वाट न पाहता एकतर्फी अंतरिम आदेश देता येतो. तो पहिल्याच दिवशी मागावा. वकिलाच्या फीची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. स्त्रीला तिथे मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष पुढे राज्यभर पसरला. तिथल्या समाजकार्यकर्त्या अर्ज लिहिण्यापासून सोबत करतात.

आणि आदेश मोडला तर? कलम ३१ नुसार एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. म्हणजे आदेश हातात आल्यानंतर पाठवलेला एक रुपया चौकीतल्या साहेबांनाही ‘घरातला विषय’ म्हणून बाजूला सारता येत नाही. आदेशाची प्रत संबंधित पोलीस ठाण्याला विनामूल्य द्यायची, असंही कलम २४ मध्ये आहे. तरी एक प्रत पर्समध्ये ठेवावीच.

आता संपर्क म्हणजे काय, याकडे येते, कारण वाद इथेच होतात. “मी तिला काही लिहिलंच नाही, माझ्या फेसबुकच्या भिंतीवर लिहिलं,” हे उत्तर हमखास येतं. अमेरिकेत, न्यूयॉर्कला लागून असलेल्या वेस्टचेस्टर काउंटीत, २०१६ मध्ये नेमकं हेच प्रकरण झालं. घटस्फोटानंतर एका बाईला पूर्वाश्रमीच्या नणंदेशी संपर्क करायला मनाई होती. तिने फेसबुकवर अपमानकारक मजकूर लिहून नणंदेला टॅग केलं. आदेशात फेसबुकचं नाव नाही, असा तिचा बचाव होता. न्यायालयाने तो मानला नाही. टॅग केलं की त्या व्यक्तीला सूचना जाते, म्हणजे निरोप पोचतो, म्हणजे तो संपर्क. मला ही कसोटी फार पटते. कुठे लिहिलं हे नंतर बघू. तिच्या हातातला फोन वाजला का, ते आधी विचारावं.

रुपयाची युक्तीही एकट्या माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याची नाही. ऑस्ट्रेलियातल्या कॉमनवेल्थ बँकेने २०२० मध्ये आपले व्यवहार तपासले, तेव्हा तीन महिन्यांत आठ हजारांहून जास्त ग्राहकांना अगदी थोड्या रकमा वारंवार पाठवून त्यांच्या शेऱ्यांत शिवीगाळ किंवा धमकीवजा मजकूर लिहिल्याचं आढळलं. कित्येक रकमा एका डॉलरपेक्षा कमी होत्या. त्यानंतर बँकेने असे शब्द अडवायची व्यवस्था केली.

काही संपर्क तर दिसतही नाहीत. मैत्रिणीची गाडी तिच्या नावावर, पण फास्टॅग घेताना नंबर नवऱ्याचा दिलेला. ती आईकडे साताऱ्याला निघाली की खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर पैसे कापले जायचे, आणि संदेश त्याला जायचा. ‘आज माहेरी का?’ हे त्याला कसं कळतं, याचा ती महिनोन्‌महिने विचार करत होती. शेजारीण सांगते का, भाऊ बोलला का, असा आपल्याच माणसांवरचा संशय वाढत गेला होता. घर सोडताना दागिन्यांची, कागदपत्रांची यादी आपण करतो. तशीच ही यादीही करायला हवी. व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंक्ड डिव्हायसेसमध्ये कुठला संगणक उघडा राहिलाय, गुगल खात्याचा रिकव्हरी नंबर कुणाचा आहे, लोकेशन कुणाला दिसतंय, बँकेचे संदेश कुठे जातात. मुलाचा टॅब कुणाच्या खात्यावर चालतो, हेही.

कौटुंबिक हिंसाचाराचा हा कायदा घरातल्या नात्यांपुरता आहे. लग्नाची बायको, लग्नासारख्या नात्यात एकत्र राहिलेली जोडीदार, आई, बहीण यांना त्याचा आधार आहे. घटस्फोट झाला म्हणून आधीच्या छळाविरुद्धचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मुंबईतूनच गेलेल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं. आणि त्याच न्यायालयाच्या २०१६ च्या हिरल हरसोरा निकालानंतर आदेश बायकांविरुद्धही मागता येतो. सासू किंवा नणंद आपल्या फोनवरून नवऱ्याचे निरोप धाडत असेल, तर तिलाही सामनेवाली करता येतं.

पण जिचा नवराच नाही तिचं काय? क्लासमधला मुलगा, जुना सहकारी, नकार न पचलेला स्थळातला मुलगा. तिथे भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ येतं, म्हणजे २०१३ मध्ये आलेलं जुनं ३५४-ड. स्त्रीने स्पष्ट नापसंती दाखवूनही वारंवार संपर्क करणं किंवा करू पाहणं, आणि तिच्या इंटरनेट-ईमेलच्या वापरावर पाळत ठेवणं, हा पाठलागाचा गुन्हा आहे. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत. यातला ‘वारंवार’ महत्त्वाचा. एकदाच मागे येणं म्हणजे पाठलाग नव्हे, असं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही म्हटलं आहे. ‘स्पष्ट’ त्याहून महत्त्वाचा. आपल्या मुलींना कुणाला न दुखवता सुटायला शिकवलेलं असतं. ‘आत्ता परीक्षा आहे’, ‘घरी आवडत नाही’, ‘नंतर बोलू दादा’. त्यांच्या मनात हा नकार असतो. पुढे वकील न्यायालयात तोच संदेश वाचून दाखवतो आणि विचारतो, यात नाही कुठे म्हटलंय? म्हणून एकदा, लेखी, कारण न देता लिहावं: मला तुमच्याशी बोलायचं नाही, यापुढे कोणत्याही मार्गाने संपर्क करू नका. त्यानंतर एकही उत्तर नाही, शिवीसुद्धा नाही.

तरी इथे मोठी उणीव आहे. पहिल्या वेळी हा गुन्हा जामीनपात्र आहे, आणि खटला उभा राहीपर्यंत ‘दूर राहा’ असं त्या माणसाला झटकन सांगणारा सोपा आदेश नाही. इंग्लंड-वेल्समध्ये २०१९ च्या कायद्याने पोलीस स्वतः न्यायालयात जाऊन असा आदेश मागतात, मोडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. बाईला अर्ज लिहीत बसावं लागत नाही. आपल्याकडे उरतो दिवाणी दावा आणि तूर्तातूर्त मनाईचा अर्ज. तो दुबळा नाही. २०२५ मध्ये दिल्लीच्या रोहिणी न्यायालयाने एका पुरुषाच्या दाव्यात, मागे लागलेल्या स्त्रीला त्याच्या घराच्या तीनशे मीटरच्या आत यायला आणि समाजमाध्यमांतून किंवा तिसऱ्या माणसाकरवी संपर्क करायला मनाई केली. कलम ७८ पुरुषाला तक्रारीचा हक्क देत नाही, म्हणून त्याला हीच वाट होती. मनाई हुकूम मोडला तर दिवाणी तुरुंग तीन महिन्यांपर्यंत. पण या वाटेला वकील लागतो, पैसे लागतात, आणि घाबरलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीकडे दोन्ही नसतात. हा आदेश पोलिसांनी मागायचा असं आपल्याकडेही व्हायला हवं.

पुराव्याचं थोडं सांगते. राग आला की आपण आधी पुसून टाकतो. पुसू नका. आधी नंबर, तारीख, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट, मग ब्लॉक. ज्या फोनवर संदेश आला तो फोन विकू नका. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. ते का टाळता येत नाही, हा वाद जालन्याच्या विधानसभा निवडणुकीतून सर्वोच्च न्यायालयात गेला होता आणि २०२० मध्ये निकाली निघाला. त्या प्रकरणातल्या, निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रफिती जिथे प्रमाणपत्रावरून अडतात, तिथे आपला स्क्रीनशॉट कसा सुटेल?

रुपयांबाबत मात्र वकीलबाईंचा चेहरा उजळला होता. खोटं खातं कुणाचं, हे सिद्ध करताना दमछाक होते. इथे त्याचं नाव, त्याचा यूपीआय आयडी, बारा आकडी संदर्भ क्रमांक आणि मिनिटापर्यंतची वेळ, सगळं बँकेकडे आहे. बँकेच्या वहीची प्रमाणित प्रत पुरावा म्हणून चालते, हा नियम तर १८९१ च्या कायद्यातला. एकूण एक्केचाळीस रुपये निघाले. एक्केचाळीस वेळा तो आला होता. त्या यादीवर बोट ठेवून मैत्रीण म्हणाली, “अगं, मला वाटलं होतं दहा-बारा असतील.”

अंतरिम आदेश तिसऱ्या तारखेला झाला. त्यात ‘यूपीआय’ हा शब्द आहे. त्याच आठवड्यात तिने बँकेत जाऊन फास्टॅगचा नंबर बदलून घेतला. दिवाळीत आम्ही दोघी तिच्या गाडीने साताऱ्याला निघालो. खेड शिवापूरला दांडी वर गेली, आणि डॅशबोर्डवर तिचा फोन वाजला. टोल कापल्याचा संदेश होता. तिने तो मोठ्याने वाचून दाखवला, रकमेसकट.