धूर कुणाच्या हिशेबात?
लेखमाला : हवामान आणि न्यायालय – लेखांक ५

मोठ्या प्रकल्पाला परवानगी मिळण्याआधी त्याचे पर्यावरणावर काय परिणाम होतील याचा अहवाल द्यावा लागतो, हे गेल्या आठवड्यात आपण पाहिले. खाणीच्या अशा अहवालात यंत्रे, धूळ, पाणी, वाहतूक असे सगळे असते. पण खाणीतून निघालेला कोळसा पुढे कुठेतरी जळणार, त्याचा धूर खाणीच्या अहवालात धरायचा की नाही? इंग्लंडमधल्या एका खाणीच्या बाबतीत या प्रश्नाचा निकाल लागला.

इंग्लंडच्या वायव्य टोकाला, कम्ब्रिया परगण्यात, आयरिश समुद्राकाठी व्हाइटहेवन हे गाव आहे. इथल्या खाणी समुद्रतळाखाली दूरवर गेलेल्या होत्या. १९१० मध्ये वेलिंग्टन खाणीच्या दुर्घटनेत १३६ आणि १९४७ मध्ये विल्यम खाणीच्या स्फोटात १०४ कामगार दगावले. शेवटची हेग खाण १९८६ मध्ये बंद झाली, पुढे गावातला रासायनिक कारखानाही बंद पडला. त्याच कारखान्याच्या ओसाड जागेवर ‘वेस्ट कम्ब्रिया मायनिंग’ या कंपनीने नव्या खाणीचा प्रस्ताव मांडला. वर्षाला २७.८ लाख टन कोळसा, सुमारे ५०० नोकऱ्या आणि २०४९ पर्यंतची मुदत. गावातल्या अनेकांनी या खाणीचे स्वागत केले. ज्यांच्या दोन पिढ्यांनी कामे बंद पडताना पाहिली, त्यांनी ५०० नोकऱ्यांना नाही म्हणावे, ही अपेक्षा दूर बसून करणे सोपे असते.

हा कोळसा विजेसाठी नव्हता, पोलादासाठी होता. लोहखनिजात लोखंड ऑक्सिजनशी बांधलेले असते. विशिष्ट जातीचा कोळसा हवेशिवाय तापवला की कोक तयार होतो. झोतभट्टीत या कोकचा कार्बन खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो, लोखंड मोकळे होते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भंगार वितळवून विद्युतभट्टीत पोलाद करायला मात्र कोकवर चालणारी ही झोतभट्टी लागत नाही. ‘पोलाद हवे तर कोळसा हवाच’ हा कंपनीचा मुद्दा खरा होता, पण अर्धाच. त्यातही या खाणीच्या कोळशात गंधक जास्त असल्याने तो ब्रिटनमधल्या कारखान्यांना फारसा चालणार नव्हता. ८० टक्क्यांहून अधिक माल निर्यातच व्हायचा होता.

२०१९ मध्ये कम्ब्रियाच्या परगणा परिषदेने होकार दिला. विरोध वाढल्यावर २०२१ मध्ये केंद्र सरकारने निर्णय आपल्या हाती घेतला आणि सप्टेंबरात जाहीर चौकशी सुरू झाली. दोनच महिन्यांनी ग्लासगोच्या हवामान परिषदेत ब्रिटन यजमान म्हणून जगाला कोळसा सोडायला सांगत होते. तरीही ७ डिसेंबर २०२२ रोजी मंत्री मायकेल गोव्ह यांनी परवानगी दिली. सुमारे ३० वर्षांतली ब्रिटनमधली ही पहिली नवी खोल कोळसा खाण ठरणार होती. सरकारच्याच हवामान सल्लागार समितीचे अध्यक्ष लॉर्ड डेबेन या खाणीचे उघड टीकाकार होते.

परवानगीचा सगळा डोलारा दोन युक्तिवादांवर उभा होता. पहिला असा की, हा कोळसा निघाला की अमेरिकेतून येणारा तितकाच कोळसा कमी होईल, म्हणजे जगात एकूण धूर वाढणारच नाही. ‘मी दुकान काढले नाही तरी समोरचा दारू विकणारच आहे’ असे म्हणणाऱ्याचा हा हिशेब. एकाने माल आणला म्हणून दुसरा आपला माल घरी ठेवतो, असे बाजारात क्वचितच घडते. बहुधा माल वाढतो आणि भाव उतरतो. दुसरा युक्तिवाद असा की, खाणीतून निघणारा मिथेन पकडून आणि उरलेल्याची भरपाई करणारी कार्बन-क्रेडिट विकत घेऊन खाण ‘शून्य उत्सर्जनाची’ होईल. पण हे शून्य खाणीच्या कुंपणापुरतेच होते. एक टन असा कोळसा जळला की ढोबळमानाने तीन टन कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे वर्षाला ८० लाख टनांच्या आसपासचा धूर या हिशेबाबाहेरच राहत होता.

‘फ्रेंड्स ऑफ द अर्थ’ ही पर्यावरणवादी संघटना आणि एक स्थानिक संघटना या परवानगीविरुद्ध उच्च न्यायालयात गेल्या. तो खटला सुनावणीला येण्याआधी दुसऱ्याच खटल्याने वाट मोकळी केली. सरे परगण्यातल्या हॉर्स हिल इथल्या तेलविहिरींना दिलेल्या परवानगीविरुद्ध कार्यकर्त्या सॅरा फिंच लढत होत्या. २० जून २०२४ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. काढलेले तेल जळणार हे अटळ असेल, तर त्याचा धूर हा त्या प्रकल्पाचाच परिणाम आहे आणि तो अहवालात आलाच पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. त्यानंतर सत्तेवर आलेल्या नव्या सरकारने खाणीच्या परवानगीत कायदेशीर चूक झाल्याचे मान्य केले. १३ सप्टेंबर २०२४ रोजी न्यायमूर्ती होलगेट यांनी ती परवानगी रद्द केली. खाणीमुळे उत्सर्जनात निव्वळ भर पडणार नाही हे गृहीतकच त्यांनी सदोष ठरवले. पोलाद उद्योगाचीही दिशा बदलत होती: त्याच महिनाअखेरीस मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा स्टीलने वेल्समधल्या पोर्ट टॅलबटची शेवटची झोतभट्टी विझवली. तिथे आता विद्युतभट्टी येणार आहे.

खाणीच्या या निकालाने कोळसा काढण्यावर बंदी घातलेली नाही, हे नीट लक्षात घ्यायला हवे. पूर्ण हिशेब मांडून, ‘एवढा धूर होणार, तरीही आम्हाला खाण हवी’ असे म्हणायला हा निकाल सरकारला आडवा येत नाही. फक्त ते उघडपणे म्हणावे लागेल आणि त्याची जबाबदारी घ्यावी लागेल.

हा निकाल भारतात लागू नाही, आणि आपली परिस्थितीही वेगळी आहे. आपली बहुतांश वीज आजही कोळशावर चालते, त्यामुळे तिथले उत्तर जसेच्या तसे इथे आणता येणार नाही. पण प्रश्न आणता येतो. २०२४ मध्येच आपल्या सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्ष्याच्या खटल्यात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा नागरिकांचा हक्क मान्य केला आहे. चंद्रपूर-यवतमाळकडे खाणीची जनसुनावणी होते तेव्हा धूळ, सुरुंग, विहिरींचे आटणारे पाणी आणि जमिनीचा मोबदला यांवर लोक बोलतात, आणि बोललेच पाहिजे. पुढच्या जनसुनावणीत त्यात एका प्रश्नाची भर घाला: हा कोळसा कुठे जळणार, किती धूर होणार आणि तो कोणत्या अहवालात लिहिला आहे? आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.