महाजालाचें भविष्य आणि भविष्यवाद्यांचे आडाखे

नवें पंचांग घरांत आलें कीं थोरलीं माणसें आधीं संक्रांत कशावर बसली आहे तें पाहतात, पाऊसपाण्याचें भाकित वाचतात, आणि मग तें खुंटीस अडकवून ठेवितात. आषाढ कोरडा गेला तरी पंचांगकर्त्यास कोणी जाब विचारीत नाहीं. इंटरनेट अथवा महाजाल, ज्यास घरोघरचीं मुलें नुसतें 'नेट' म्हणतात, त्याच्या भविष्यवाद्यांसही आपण अशीच सवलत देत आलों आहों. वास्तविक हीं भाकितें वर्षफलासारखीं निरुपद्रवी नाहींत. मुलानें कोणती विद्याशाखा घ्यावी, मुलीस कोणत्या शहरीं शिकावयास पाठवावें, घराण्याचे फोटो व कागद कोठें जपून ठेवावे, हे निर्णय हल्लीं कुटुंबाकुटुंबांतून याच भाकितांच्या भरवशावर घेतले जात आहेत. म्हणून तीं जुनीं भाकितें बाहेर काढून, जमाखर्चाच्या वह्या तपासाव्या तशीं एकवार तपासून पाहावीं, असें आम्हीं योजिलें आहे.

आरंभ बॉब मेटकाफ यांच्यापासून करूं. हे गृहस्थ या विषयांत कोणी उपरे नव्हते. एका इमारतींतील संगणक एकमेकांस जोडण्याची 'ईथरनेट' नांवाची जी पद्धति आज जगभर रूढ आहे, तिचा उगम १९७३ सालीं त्यांच्याच हातून झाला. १९९५ च्या डिसेंबरांत 'इन्फोवर्ल्ड' या साप्ताहिकांतील आपल्या सदरांत त्यांनीं लिहिलें कीं, महाजाल लवकरच एखाद्या स्फोट पावणाऱ्या ताऱ्याप्रमाणें भडकून उठेल आणि १९९६ सालीं साफ कोसळेल. आपलें म्हणणें मागें घेण्यास इंग्रजींत 'शब्द खाणें' म्हणतात. भाकित खोटें ठरल्यास आपण खरोखरच शब्द खाऊं, अशी प्रतिज्ञाही त्यांनीं केली होती. १९९६ साल आलें. त्या वर्षीं लहानमोठे अडथळे बरेच झाले. ऑगस्टांत 'अमेरिका ऑनलाइन' या मोठ्या कंपनीची सेवा तर १९ तास बंद पडली व तिचे लाखों वर्गणीदार खोळंबले. परंतु महाजाल कोसळलें नाहीं. एप्रिल १९९७ मध्यें कॅलिफोर्नियांतील सँटा क्लारा येथें या विषयाची परिषद भरली असतां मेटकाफ व्यासपीठावर आले. प्रथम त्यांनीं आपल्या लेखाच्या आकाराचा एक केक पुढें आणविला. श्रोत्यांनीं ही पळवाट नामंजूर केली. तेव्हां त्यांनीं छापील लेखाचा कागद फाडून, आपण चटणी वाटतों तसल्या मिक्सरांत द्रवाबरोबर घातला आणि तो लगदा सर्वांसमक्ष सेवन केला. आपल्याकडे निवडणुकीचीं भाकितें करणारांनीं हा पायंडा पाडून घेतला तर वर्तमानपत्रांचे पुष्कळ रकाने मोकळे होतील.

हंसून झाल्यावर त्यांचें चुकलें कोठें तें मात्र पाहिलें पाहिजे. भार किती वेगानें वाढत आहे याचा त्यांचा हिशेब कांहीं खोटा नव्हता. रस्ता मात्र आहे तेवढाच राहील, असें त्यांनीं धरिलें. त्याच दशकांत केसाएवढ्या कांचतंतूंतून प्रकाशाचे अनेक रंग एकाच वेळीं पाठविण्याची व प्रत्येक रंगावर निराळी वाहतूक लादण्याची विद्या यंत्रज्ञांनीं व्यवहारांत आणिली. म्हणजे जमीन न खणतां एका रस्त्याचे पुष्कळ रस्ते झाले. शिवाय सर्व जाळें वाढविण्याचा खर्च कोणा एकाच्या डोक्यावर नव्हता. जो तो आपल्या दारापुरता रस्ता रुंद करीत गेला.

दुसरें भाकित पॉल क्रुगमन या अर्थशास्त्रज्ञांचें. पुढें २००८ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. तेव्हां यांचीही योग्यता लहान नव्हे. जाळ्यांत जितके जोडले जातात त्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणांत त्याची उपयुक्तता वाढते, असा एक नियम मेटकाफ यांच्याच नांवानें प्रसिद्ध आहे. त्यावर क्रुगमन यांनीं १९९८ सालीं असा आक्षेप घेतला कीं, बहुतेक माणसांना एकमेकांशीं बोलण्यासारखें कांहींच नसतें. म्हणून ही वाढ मंदावेल, आणि २००५ च्या सुमारास असें दिसून येईल कीं महाजालाचा अर्थव्यवहारावरील परिणाम फॅक्सच्या यंत्राहून अधिक नाहीं. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या कोणाही बाईमाणसानें त्यांस तेव्हांच सांगितलें असतें कीं, बोलण्यासारखें कांहीं नसणें ही बोलणें थांबण्याची खूण नव्हे. माजघरांतील दुपार, ओट्यावरील संध्याकाळ आणि लग्नघरांतील रात्र यांचा सारा व्यवहार त्याच भांडवलावर चालतो! भारतांतील फोन मधूनच कां अडून बसतात याचा गूगलच्या संशोधकांनीं शोध घेतला तेव्हां, रोज पहांटे फुलें व सूर्योदय घालून पाठविलेलीं 'सुप्रभात' चित्रें हें त्याचें एक कारण निघालें, असें वृत्त २०१८ च्या आरंभीं प्रसिद्ध झालें होतें. सदाशिव पेठेंतील आजीबाई व अमेरिकेंतील त्यांची नात यांना एकमेकींस सांगण्यासारखें महत्त्वाचें असें आठवड्यांतून किती असणार? तरीही दर रविवारीं दोघी तासभर एकमेकींचें तोंड पाहत बसतात.

निराशावाद्यांचें हें असें झालें. आशावाद्यांची गत याहून बरी नाहीं. फेब्रुवारी १९९६ मध्यें जॉन पेरी बार्लो यांनीं जाहीरनामा काढिला कीं, या नव्या प्रदेशांत सरकारांची सत्ता चालणार नाहीं. चीननें आपल्या हद्दीभोंवतीं केवढी तटबंदी उभारली हें सर्वांस ठाऊक आहे. आणि आपल्या जम्मू-काश्मिरांत ऑगस्ट २०१९ मध्यें बंद झालेली सेवा पूर्ण वेगानें पूर्ववत् व्हावयास फेब्रुवारी २०२१ उजाडला. मध्यंतरीं, १० जानेवारी २०२० रोजीं, अशी बंदी बेमुदत ठेवितां येणार नाहीं असा निर्णय सर्वोच्च न्यायालयास द्यावा लागला. पैशाच्या बाबतींतील आशेची कथा तर सर्वश्रुतच आहे. न्यूयॉर्कच्या नॅसडॅक बाजाराचा निर्देशांक १० मार्च २००० रोजीं ५,००० च्या वर होता. ऑक्टोबर २००२ पर्यंत त्याचा तीन चतुर्थांशांहून अधिक भाग वाहून गेला.

ज्यांचें बरेंच खरें ठरलें असा एक द्रष्टा म्हणजे आर्थर क्लार्क. १९६४ सालीं बी.बी.सी.च्या एका कार्यक्रमांत त्यांनीं सांगितलें कीं, सुमारें पन्नास वर्षांत मनुष्य ताहिती किंवा बाली बेटावर बसून लंडनांतल्याइतकाच आपला धंदा करूं शकेल, आणि मित्र पृथ्वीच्या पाठीवर कोठें आहे हें ठाऊक नसतांही त्याच्याशीं बोलूं शकेल. हें शब्दशः खरें झालें. परंतु त्याच ओघांत, माणसांनीं एकत्र येण्याचें स्थान म्हणून शहराचें प्रयोजनच संपेल, असेंही ते म्हणाले होते. हिंजवडीच्या रस्त्यावर सकाळीं नऊ वाजतां अडकून पडलेल्या कोणाही तरुणास क्लार्क यांचें हें उत्तरार्धाचें भाकित वाचून दाखवावें! २०२० च्या टाळेबंदींत सर्व काम घरीं बसून होऊं शकतें हें सिद्ध झालें, आणि तरीही टाळेबंदी उठल्यावर पुष्कळ कचेऱ्यांनीं माणसांस परत बोलाविलें. यंत्रानें काय साधेल हें क्लार्क यांस अचूक दिसलें. तें साधल्यावर माणसें काय करितील हें दिसलें नाहीं. आणि वर सांगितलेल्या बहुतेक सर्वांची चूक याच ठिकाणीं झालेली आहे.

याचें कारण या जाळ्याच्या घडणींतच आहे. टेलिफोनच्या जुन्या व्यवस्थेंत सारी अक्कल मध्यवर्ती कार्यालयांत असे व घरांतील यंत्र मुकाट असे. महाजालांत याच्या उलट आहे. मधलें जाळें टपालवाल्याप्रमाणें केवळ पत्ता पाहून पुडके पुढें सरकवितें. आंत पत्र आहे, गाणें आहे कीं पैशाचा हुकूम आहे, याची चवकशी करण्याचें त्यास कारण नाहीं. अक्कल दोन्ही टोकांस. त्यामुळें नवी युक्ति काढणारास मधल्या कोणाची परवानगी लागली नाहीं. टिम बर्नर्स-ली यांनीं स्वित्झर्लंडमधील सर्न या प्रयोगशाळेंत असतां 'वेब'ची कल्पना काढिली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें ती कोणासही विनामूल्य वापरण्यास मोकळी केली. व्हॉट्सअ‍ॅप २००९ सालीं दोघांनीं काढिलें; त्यांपैकीं ब्रायन अ‍ॅक्टन यांस त्याच वर्षीं फेसबुकानें नोकरी नाकारली होती, व २०१४ सालीं त्याच कंपनीनें तें सुमारें १९ अब्ज डॉलरांस विकत घेतलें. नोकरी नाकारणारांसच जें दिसलें नाहीं तें दूर बसलेल्या भविष्यवाद्यांस कसें दिसावें?

आपल्या देशांतही हेंच घडलें. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें ही सेवा सर्वसामान्यांस खुली केली, तेव्हां टेलिफोनच्या तारेवरून ती रडतखडत येत असे. मराठीची स्थिति तर अशी कीं, एका संगणकावर एका टंकांत लिहिलेलें पत्र दुसऱ्यावर उघडलें म्हणजे नुसत्या चिन्हांचा खच दिसावयाचा. महाजालावर केवळ इंग्रजीच जगेल असें सुशिक्षित मंडळी बोलत. वस्तुतः 'युनिकोड' या जागतिक लिपिसंकेतांत देवनागरीस १९९१ सालींच जागा मिळाली होती; तो संकेत घरगुती संगणकांत उतरावयास कांहीं वर्षें गेलीं एवढेंच. १ मे २००३ रोजीं मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला. २०१६ सालीं यू.पी.आय. ही पैसे देण्याची पद्धति निघाली, आणि ऑगस्ट २०२३ च्या एका महिन्यांत तिच्यावरून एक हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. भाजीवालीच्या टोपलीस चौकटींचें चित्र लटकेल, असें १९९५ सालीं कोणी म्हटलें असतें तर आपण त्यास वेड्यांत काढिलें असतें.

मग कोणतेंच भाकित खरें होत नाहीं काय? होतें, पण तें बेरीज-वजाबाकीचें असलें म्हणजे. महाजालावरील प्रत्येक यंत्रास एक पत्ता लागतो. १९७७ च्या सुमारास व्हिंट सर्फ यांनीं या पत्त्याची लांबी अशी ठरविली कीं एकंदर ४२९ कोटी पत्ते होतील. तेव्हां पृथ्वीची लोकसंख्याही जवळपास तेवढीच होती, आणि हा केवळ एक प्रयोग आहे अशी त्यांची समजूत होती. हे पत्ते संपणार, असें यंत्रज्ञ १९९० नंतर सांगूं लागले. ३ फेब्रुवारी २०११ रोजीं जागतिक कोठारांतील शेवटचे गठ्ठे वांटले गेले. लांब पत्त्यांची नवी पद्धति १९९८ सालींच तयार होती व तिच्या वापरांत आज भारत अग्रभागीं आहे. परंतु पुष्कळांनीं ती न स्वीकारतां जुन्या वाड्यांतली युक्ति केली. वाड्याचा पत्ता एकच, आंत दहा बिऱ्हाडें, आणि दाराशीं बसलेला कोणी तरी ज्याचें त्यास पत्र पोंचवितो. आपल्या घरांतील वाय-फायची पेटी नेमकें हेंच काम करिते. संकट येणार हें गणितानें सांगितलें; तें आल्यावर माणसें इतकी दाटीवाटीनें राहतील, हें गणितांत नव्हतें.

दुसरी मोजतां येणारी वस्तु म्हणजे समुद्राच्या तळाशीं टाकलेले तार. खंडाखंडांमधील जवळजवळ सर्व वाहतूक आकाशांतून होत नसून त्यांतूनच होते, आणि पश्चिमेकडून येणारे कित्येक तार मुंबईस वर्सोव्याच्या किनाऱ्यावर बाहेर निघतात. जानेवारी २००८ मध्यें इजिप्तजवळ असे तार तुटतांच भारताची परदेशाशीं देवघेव करण्याची जवळजवळ निम्मी शक्ति गेली होती. असें पुन्हां होईल, हें सांगण्यास कोणा ज्योतिष्याची गरज नाहीं.

नोव्हेंबर २०२२ मध्यें चॅटजीपीटी आल्यापासून तर भाकितांचा पूर लोटला आहे. अमुक विद्या दहा वर्षांत निरुपयोगी होईल, तमुक नोकरी उरणार नाहीं, असें छातीठोकपणें सांगणारांवर आम्ही क्रुगमन यांच्यावर ठेविला असता त्याहून अधिक विश्वास ठेवूं इच्छीत नाहीं. यंत्र लिहूं लागलें आहे हें खरें. म्हणून लिखाणाचा सुकाळ होईल व लिहिणारा कोण हें विचारण्याची पाळी येईल, इतकेंच आम्हांस निश्चयानें म्हणतां येतें. महाजालावर अक्षरापेक्षां उच्चार वाढेल, आणि ज्या आजोबांस टंकलेखन कधीं जमलें नाहीं ते मराठींत बोलून आपलें काम करून घेतील, याचीं चिन्हें आजच दिसत आहेत. मधला टपालवाला मात्र पूर्वीसारखा निर्विकार राहील कीं नाहीं याची आम्हांस शंका आहे. फेब्रुवारी २०१६ मध्यें आपल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, कांहीं स्थळें फुकट व कांहीं विकत असा भेद करण्यास मनाई केली, ती आम्ही याच कारणास्तव मोठी गोष्ट समजतों.

एक भाकित मात्र असें आहे कीं तें करण्यास आम्हांस यत्किंचितही संकोच वाटत नाहीं: आज जीं स्थळें घरोघरीं गजबजलेलीं दिसतात, त्यांतील बरीचशीं आपल्या नातवंडांस सांपडणार नाहींत. अमेरिकेंतील प्यू संशोधन केंद्रास २०२४ सालीं असें आढळलें कीं, २०१३ सालीं असलेल्या वेब-पानांपैकीं ३८ टक्के पानें दहा वर्षांनंतर उघडेनाशीं झालीं होतीं. लक्षावधि लोकांनीं आपलीं पानें ज्यावर मांडलीं होतीं तें 'जिओसिटीज' याहूनें २००९ सालीं आपल्या मुख्य सेवेंतून काढून टाकिलें. पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील मोडी कागद रुमालांत बांधलेले दोनशें वर्षांनंतरही वाचतां येतात. कारण त्यांस तेल, वीज किंवा मालकाची मर्जी यांपैकीं कांहीं लागत नाहीं, कोरडी जागा तेवढी लागते.

आमच्या वाचकांपैकीं जे आज चाळिशीच्या घरांत आहेत, त्यांतील पुष्कळांचीं लग्नापूर्वींचीं संभाषणें, महाविद्यालयांतील फोटो आणि मित्रांनीं लिहिलेलीं कौतुकाचीं चार वाक्यें ऑर्कुटवर होतीं. गूगलनें तें ३० सप्टेंबर २०१४ रोजीं बंद केलें. आपापलें साहित्य उतरवून घेण्यास मुदत देण्यांत आली होती. ती सप्टेंबर २०१६ पर्यंत होती.